जबाबदार व्यक्तीचे नाव

डॉब्रिन गावात दारूचं दुकान एक, खिडकी एक,
आणि खिडकीमागे एकोणीस वर्षं मी.

ओरेस्ट ह्नाट्युक एप्रिलात आला,
बुटांना वितळत्या बर्फाचा चिखल,
टोपी काढून हातात, चर्चमध्ये शिरल्यासारखी.
"नादिनचं लग्न. जूनचा दुसरा शनिवार. हॉल मिळालाय."

माणसं किती?
"दोनशे दहा. भांडणं मिटली तर दोनशे चाळीस."
विकणार की पाजणार?
विकायची तर कुपनं, कुपनांचा हिशेब, परवान्याचा दर निराळा.
"पाजणार. आमच्या लग्नात आजवर
पाहुण्याने पाकीट काढलेलं नाही."

घरची वाइन चालेल का?
चालेल. चोकचेरीची, रुबार्बची, असेल ती.
वेगळ्या टेबलावर ठेव, विकू नकोस.
"आणि गीडोची ती?"
नाव त्याने घेतलं नाही, मीही घेतलं नाही.
तळघरात बटाट्यांच्या पोत्यांमागे,
नादिनच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी म्हाताऱ्याने गाळलेली,
तिच्या लग्नासाठी मेणाने तोंड बंद केलेली.
आंबवलेली चालते, ओरेस्ट. गाळलेली नाही.
"कायद्याला एवढं बारीक कळतं?"
कायद्याला तेवढंच कळतं.

मग पत्रक वाचून दाखवलं. वाचावंच लागतं.
परवाना भिंतीवर, येणाऱ्याला दिसेल असा.
ग्लास बाहेर गवतावर न्यायचे तर दोरी बांधा:
दोरीच्या अलीकडे लग्न, पलीकडे गुन्हा.
एकोणिसाच्या आतल्यांना नाही,
आजीने आग्रह केला तरी नाही.
जेवण पाहिजेच, नुसते चिप्स म्हणजे जेवण नव्हे.
इथे तो पहिल्यांदा हसला:
"फ्रीझरमध्ये आत्ताच नव्वद डझन पिरोगी आहेत."
एकला शेवटचा ग्लास. दोनला टेबलं कोरडी.

राहिली तळाची ओळ.
जबाबदार व्यक्तीचे नाव.
तिने शेवटपर्यंत थांबायचं
आणि थेंबाला तोंड लावायचं नाही.
बहुतेक जण इथे अडतात.
शेजाऱ्याचं नाव टाकतात, बाप्टिस्ट मेव्हण्याचं,
एकदा तर गरोदर वहिनीचं.
मी पेन पुढे केलं आणि कॅलेंडरकडे पाहत राहिले.
चौदा वर्षांपूर्वी याच खिडकीतून
मी त्याला परत पाठवलं होतं, सकाळी दहाला,
बाहेर ट्रक चालू,
ट्रकमध्ये नादिन, मांडीवर दप्तर.
पोलिसांना फोन मीच केला होता.
त्याला ठाऊक आहे. आमच्याकडे
फोन खाली ठेवायच्या आत गावाला कळतं.

त्याने स्वतःचं नाव लिहिलं,
एकेक अक्षर सुटं, पाटीवर गिरवावं तसं.

लग्नाला मला बोलावणं होतं.
बाराच्या सुमारास तो दोरीपाशी उभा,
हातात कॉफी,
आणि कोटाचे दोन्ही खिसे लोकांच्या गाड्यांच्या किल्ल्यांनी फुगलेले,
चालला की खुळखुळायचे.
नादिनने नाचायला ओढलं तर म्हणाला, थांब,
आधी बारपाशी दुसरा माणूस उभा केला,
त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग नाचला.
नाचतानाही खुळखुळ.
नंतर नादिन माझ्या कानाशी वाकली:
"गीडोच्या बाटलीचं मेण शाबूत आहे.
सकाळी तळघरात जाऊन बघून आले."
असं म्हणून तिने केक तोंडात कोंबला.

सोमवारी तो न उघडलेल्या बाटल्या घेऊन आला, सात पेट्या.
वर परवाना, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीची लक्तरं.
"हा परत द्यायचा असतो?"
नसतो. पण मी हातात घेतला.
मधोमध एक गोल तपकिरी डाग होता.
मी कागद नाकाशी नेला.
नकळत. शपथेवर सांगते, नकळत.

वर पाहिलं तर तो माझ्याकडेच बघत होता.
"कॉफी," तो म्हणाला.

मग आम्ही बाटल्या मोजायला घेतल्या.
दोनदा मोजल्या,
दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.