चौतीस टक्के

व्हांगानुईत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
एकोणीसशे अकराचं विटांचं दुकान.
आजच्या नव्या इमारतीला शंभर धरले
तर भूकंपात हिला सत्तावीस.
चौतिसाच्या खाली कागद लागतो, दारावर,
जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येईल असा.
मी चिकटवला. नायरी हॅल्डेननं फडकं आणलं
आणि कागदाभोवतीची काच पुसली.

"आजेसासऱ्यांनी तेव्हाच्या नियमात बसवून बांधलं.
नियम वाढला, भिंत तेवढीच राहिली.
यात भिंतीचं काय चुकलं?"

काही नाही. मी तसं म्हणालोही.
मुदत पंधरा वर्षं. ती एकोणऐंशीची.

जुन्या घरात कायदा झोपलेला असतो,
हात लावला नाही तर कूसही बदलत नाही.
म्हणून जिन्याची कुजकी पायरी ती ओलांडत आली,
म्हणून गळक्या छपराखाली पत्र्याचा डबा.

पण यंदा मर्डोचे पाय गेले.
त्याला वरून खाली आणायचं,
खोगिरांच्या कपाटाजागी पलंग टाकायचा,
एवढाच अर्ज, दीड ओळीचा.
आणि वापर बदलला की कायदा उठून बसतो:
पोलादी चौकटी, भिंतीतून गज,
खर्च दुकानाच्या किमतीहून जास्त.

"खोगीर ठेवलं तर चालतं, नवरा ठेवला तर नाही?
खाली कोण आहे ते विटेला कळतं?"

उत्तर मला पाठ आहे.
खोगिराला पळायचं नसतं. झोपलेला माणूस
जागा होईपर्यंत वीस सेकंद जातात,
आणि मर्डोला तर
तिथं मी थांबलो. तिनंही पुढचं विचारलं नाही.

बाहेर शाळा सुटलेली.
छपरावरच्या दर्शनी कठड्याखालून
मुलं चालली होती, एकाच्या बुटाची नाडी सुटलेली,
तो वाकला, नेमका तिथंच.
हादरा बसला की आधी कठडा सुटतो.
मुलं तिची नाहीत, रस्ता तिचा नाही,
माझ्या सत्ताविसात मात्र दोन्ही होते.
तीही बघत होती.

पुढच्या महिन्यात दोन माणसांनी कठडा उतरवला.
पैसे खोगिरं विकून.
आता एकतीस.

अर्ज माझ्या टेबलावर आहे,
मंजूर नाही, फेटाळलेला नाही.
रात्री घरी जाताना दिसतं: दुकानात दिवा,
अर्ध्या पडद्याआड पलंग,
उशी भिंतीकडून काढून
दाराकडे केलेली.