डावा दिवा

बटण दाबते. काही होत नाही.
पुन्हा दाबते. डॅशवरचा हिरवा ठिपका
जरा उजळतो आणि जीभ चावल्यासारखा विझतो.
कॅनोरा ते यॉर्कटन, नऊ नंबरचा रस्ता
फूटपट्टीने आखलेला,
दोन्हीकडे जवस निळ्या फुलांत,
आणि माझा उजवा गुडघा
एकतीस वर्षं शाळेची बस हाकून
आता ॲक्सिलरेटरवर फार वेळ बसायला तयार नाही.

म्हणून तर बसवून घेतला हा क्रूझ कंट्रोल.
सत्त्याहत्तरची डॅटसन. ती घडली तेव्हा
असले लाड तिच्या वाट्याला नव्हते.
बॉनेटखाली पत्र्याचा एक डबा,
त्यातून निघून थ्रॉटलला बांधलेली केबल,
प्रॉपेलर शाफ्टवर दोन लोहचुंबक,
परक्या घरात पोटभाडेकरू राहावेत तसे
एकमेकांना सांभाळून.
दोन उन्हाळे कुरकुर नाही. यंदा रुसला.

मेट्रो कुझिक आला, कुंपणापलीकडचा,
रेल्वेच्या सिग्नलखात्यातून निवृत्त,
खिशात सूर्यफुलाच्या बिया.
पहिला संशय व्हॅक्यूमच्या नळीवर:
साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही.
मग चुंबकांवर. मी गाडीखाली आडवी झाले
(उठवायला मेट्रो लागला, ते सोडा),
एक बोटभर सरकला होता, आवळला.
उपयोग शून्य.
मग क्लचच्या स्विचवर. मग एकमेकांवर:
तूच परवा ती जांभळी वायर ओढलीस.
मी? मी तर टॉर्च धरून उभी होते.

तिसऱ्या संध्याकाळी, दहा वाजले तरी उजेड,
त्याने ब्रेकच्या तारेला मीटरची टोकं लावली
आणि टरफल थुंकून म्हणाला,
"याला अर्थच मिळत नाहीये."
मला वाटलं, आयुष्याबद्दल बोलतोय.

"अगं, अर्थ. जमीन.
हा डबा ब्रेकच्या दिव्यातून जमीन चाचपतो.
विझलेल्या दिव्यातली केसाएवढी तार,
तिच्यातून पलीकडची जमीन लागली
की याची खात्री पटते,
थांबायची सोय शाबूत आहे.
मगच धावायला तयार होतो.
आमच्या सिग्नलचंही तेच.
खात्री नाही, तर लाल."

मग त्याने विचारलं, दिवे कुणी बदलले?

दारियाने. ईस्टरला एडमंटनहून आली तेव्हा
बर्फाच्या चिखलात गुडघे टेकून,
हातमोजे दातांत धरून.
"आई, तुझे मागचे दिवे मिणमिणतात,
ट्रकवाल्यांना तू दिसणार नाहीस."
एलईडी. झगझगीत. दहा वर्षांची हमी.
आत तार नाही, तारेतून झिरपणारी जमीन नाही.

मेट्रो म्हणाला, रिले मागवू, आठवड्यात येईल.
मी कॉफीच्या डब्यात हात घातला,
स्क्रू, वॉशर, नवऱ्याच्या शर्टाचं एक बटण,
आणि तळाशी जुना बल्ब, आतून धुरकट,
हलवला तर किणकिणला नाही, म्हणजे जिवंत.
एक पुरतो, मेट्रो म्हणाला.
तो डावीकडे बसवला. उजवीकडे तिचाच राहू दिला.

मी ब्रेक दाबला, तो मागे उभा राहून बघत होता.
"उजवा ताबडतोब.
डावा पापणी लवेपर्यंत उशिरा."
येतो ना पण? मी विचारलं.
"येतो."

रविवारी शंभरवर बटण दाबलं.
हिरवा ठिपका टिकला.
पाय उचलला, आणि पेडल आपणहून
किंचित खाली गेलं, वर आलं,
कुणीतरी अदृश्य, नवशिकं पण मन लावून चालवणारं.
गुडघा बाजूला घेऊन बसले. खिडकीतून
जवसाचा वास येत नाही, त्याला वास नसतोच,
तरी काच खाली केली.

पुढे एक ट्रॅक्टर रेंगाळत रस्त्यावर चढला.
ब्रेक. ठिपका विझला, मुकाट.
आरशात बऱ्याच अंतरावर एक धान्याचा ट्रक
वेळेवर मंदावताना दिसला.

दारियाला अजून सांगितलेलं नाही.
ईस्टरला येईल, मागून बघेलच.