भिंती झाकायचा दिवस

उद्या परीक्षा. आज भिंती झाकायच्या.
नियमच आहे तसा: परीक्षेच्या खोलीत
कामाचा एकही शब्द भिंतीवर दिसता कामा नये.
उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती,
ऑगस्टपासून चिकटवलेली ही माझी रंगीत माणसं.
त्यांच्या तोंडावर कागद.

कागद पॅकिंग प्लांटने फुकट दिलाय,
मांस गुंडाळायचा, तपकिरी, भलामोठा रोल.
एउलोहिओ त्सोक म्हणाला,
"मिस वोयटेक, ह्याला व्याजोक्ती म्हणायचं का?"
मी म्हटलं, नाही रे, ह्याला बजेट म्हणतात.
वर्ग हसला.
मग मीच गप्प झाले. त्याची आई
रात्रपाळीला ह्याच कागदात
कुणाकुणाच्या रविवारचं जेवण बांधते.

चला, उजळणी.
आधी प्रश्न वाचा, मग उतारा.
चारातले दोन पर्याय उघड खोटे, त्यांच्यावर काट मारा.
उरलेल्या दोघांत एक असतो गोडबोल्या:
शब्द सगळे उताऱ्यातले, अर्थ भलताच.
त्याला डोळ्यांत तेल घालून ओळखा.
'नेहमी' आणि 'कधीच नाही' म्हणणाऱ्यावर
सहसा विश्वास ठेवू नका.
("माझे बाबा नेहमी तसंच बोलतात," टकर द्वोर्झाक.)
अडलात तर पुढे जा, नंतर मागे या.
उत्तर तुमच्या मनात नसतं,
ते चौदाव्या ओळीत असतं.

हे शेवटचं वाक्य अकरा वर्षं सांगतेय
आणि दर वर्षी ते सांगताना
माझी नजर खिडकीबाहेर जाते.
मक्याची धसकटं. त्यांच्यापलीकडे प्लॅट नदी.
वारा दक्षिणेचा असला की प्लांटचा वास
वर्गात येऊन मागच्या बाकावर बसतो.
(चेतनगुणोक्ती. शाब्बास, लक्ष आहे तुमचं.)

अनुमान म्हणजे काय?
होदान वारसामे कधी हात वर करत नाही. आज केला.
"दाराशी बाबांचे बूट दिसले
की बाबा घरात आहेत, कुणी सांगावं लागत नाही.
बूट ओले असले तर धुलाईची पाळी त्यांची होती.
वेडेवाकडे पडले असले
तर हात दुखतायत, आपण आपलं गुपचूप अभ्यासाला बसायचं.
जोडीने, सरळ ठेवलेले असले
तर सहलीचे पैसे मागायला हरकत नाही."

कुणी हसलं नाही.
पाढा बरोबर आला की डोलवतात
तशा तीन-चार माना डोलल्या.

सराव पुस्तिकेत अनुमानाला होदानला
पाचपैकी एक.
उतारा होता तळ्याकाठच्या सुट्टीचा, एका बोटघराचा.
"बोटीला घर कशाला लागतं?" तिने विचारलं होतं.
हा प्रश्न चारही पर्यायांत नव्हता.

दुपारी हॅल्वरसन सर फळी आणि यादी घेऊन आले.
उन्हात कागदातून अक्षरं पुसट दिसत होती.
"थोडं वाचता येतंय," ते म्हणाले,
जणू तक्रार होती.
मी दुसरा थर लावला.
टकर खुर्चीवर उभा राहून चिकटपट्टी फाडून देत होता, दातांनी.

आणि आज. रात्री गारा पडल्या, सकाळी चिखल.
नियमाप्रमाणे मी फक्त चालायचं,
कुणाच्या उत्तरपत्रिकेत डोकवायचं नाही,
कुणाला मान हलवून दाखवायची नाही.
एउलोहिओने तिसऱ्यांदा पेन्सिलला टोक केलं.
होदान बराच वेळ भिंतीकडे बघत होती,
कोऱ्या तपकिरी कागदावर नेमकी तिथे
जिथे काल 'अनुमान' होतं.
ओठ हलले. मग खाली वाकली.

तिने कुठला गोल काळा केला
ते मला कळता कामा नये. कळलंही नाही.
मी बाकाखाली पाहिलं, तेवढ्याला नियम नाही:
चिखलाचे बूट काढून ठेवलेले,
जोडीने,
सरळ.