पान एकसष्टवरची हर्षदा

संपादकबाईंनी पेन्सिलीनं समासात लिहिलंय:
'ही मुलगी इतकी निवांत कशी? कारण द्या.
घरातलं काही, एखादं जुनं दुःख.
वाचकाला पटायला हवं.'

मी चहा गार होऊ दिला.
कारण.

अकरावी ड. हर्षदा पासलकर.
कादंबरीत मी तिला केतकी केलंय,
पण नाव बदललं की ती नीट चालत नाही,
म्हणून इथे हर्षदाच.

सायकलला ब्रेक एकच, मागचा,
तोही त्याच्या मनात आलं तर लागायचा.
तळजईच्या उतारावर ती दोन्ही हात सोडायची
आणि कॅरिअरवर मी
तिला नाही, माझ्या दप्तराला घट्ट धरून.
दप्तर पडलं असतं तर घरी बोलणी मला.
तिला पडायची भीती नव्हती असं नाही.
पडलेलं तिच्या लक्षात राहायचं नाही, एवढंच.

स्वारगेटला बस चुकली की लोक घड्याळ बघतात.
ती जाणाऱ्या बसची पाठ बघायची,
मागची जाहिरात मोठ्यानं वाचायची
आणि म्हणायची, 'चल, पुढची आपलीच.'
पुढची कोथरूडची असायची.
आम्हाला जायचं असायचं धनकवडीला.
आम्ही कोथरूड पाहिलं.

केमिस्ट्रीत सदतीस पडले
तेव्हा 'दोन जास्तीचे आलेत' म्हणून
तिनं मला उसाचा रस पाजला. पैसे माझेच.
घेतलेले ती विसरायची, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं.
दिलेलेही विसरायची,
हे कळायला मला बरीच वर्षं लागली.
तिचे साडेतीनशे अजून माझ्याकडे आहेत.

म्हणून परवा बिबवेवाडीला गेले.
पैसे हे निमित्त. खरं तर दुःख शोधायला.

तिचा आता मांडवाचा धंदा आहे.
खुर्च्या, सतरंज्या, पातेली,
आणि एक टेम्पो, ज्याचं दार दोरीनं बांधलेलं.
कुणीतरी खुर्च्या परत आणून टाकत होतं.
पोरगा मोजून म्हणाला, 'ताई, दोन कमी.'
ती म्हणाली, 'बसले असतील अजून दोघं.
उठतील.'

मी आडून आडून विचारलं. घर, लहानपण वगैरे.
'अगं, वडील गेले ना सोडून,' ती म्हणाली,
'आपण अकरावीत होतो त्याच वर्षी.
तुला माहीत नव्हतं?'

नव्हतं.
रोज तिच्या मागे बसत होते मी,
तिची पाठ मला पाठ होती,
आणि हे नव्हतं माहीत.

परतताना बसमध्ये वही काढली.
मिळालं होतं की. आयतं, हातात, पान एकसष्टसाठी.
दोन ओळी लिहिल्याही.
मग सातारा रस्त्यावर कुठेतरी चौथी आठवली:
आम्ही सगळे सहलीच्या रांगेत, एकेकाचा हात धरून,
आणि ही कात्रजच्या तळ्याशी
एका अनोळखी आजोबांना
स्वतःचा डबा भरवत बसलेली,
बाई हाका मारून मारून घसा बसलेल्या.
तेव्हा वडील घरीच होते.
त्यांनीच तो डबा भरला होता.

ओळी खोडल्या.
गोष्ट वयात येण्याची, असं मलपृष्ठावर येणार आहे.
वयात मी आले. हिशेब शिकले, वेळा पाळल्या,
उतार आला की आधीच उतरून चालू लागले.
ती मध्येच भेटलेली.

साडेतीनशे तिनं घेतले, न मोजता
टेम्पोवाल्याला दिले डिझेलला.
'कसले गं हे?' असं
तो गेल्यावर विचारलं.

बाई, कारण सापडलं नाही.
पान असंच राहू द्या.
किंवा काढून टाका.
तिला चालेल.