न उतरवलेलं पान

सीप्झ, तिसरा मजला, रात्रीचे अडीच.
बॅकअप एकेक फाइल एकदाच वाचतो,
कर्नल मात्र प्रत्येक पान जपून ठेवतो,
लागेल कधीतरी.
चौसष्ट जीबी अशी भरली
आणि दिवसभर राबणारा डेटाबेस
स्वॅपमध्ये जाऊन बसला.

मिस्किटा म्हणाली, रॅम मागवू या.
तीही भरेल, म्हटलं,
आणि कॅशेला एक आकडा घातला: याच्या पुढे नाही.

टाकलेलं परत लागलं तर?
डिस्कवर असतंच. जरा उशिरा मिळेल.
फक्त ज्यावर नवं लिहिलंय
आणि अजून खाली उतरवलेलं नाही
ते टाकता येत नाही.

आलेख खाली यायची वाट बघताना
तिने पर्समधल्या जुन्या पावत्या काढल्या,
एकेक फाडत गेली.
एकीच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी होतं.
ती घडी घालून पुन्हा आत.