खांद्यापर्यंत

उदगीरच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी
हुडगे सरांनी विचारलं, कुणाकुणाच्या घरी जनावरं आहेत?
भराभर हात वर झाले.
कुणाच्या दोन म्हशी, कुणाची बैलजोडी,
अनुसया गुट्टेच्या घरी तर घोडीसुद्धा.
मीही वर केला. अर्धाच.
आमच्या घरी जनावरं असतात,
पण रविवारपर्यंतच.

शरीररचनेच्या तासाला
टेबलावर पोट उघडून ठेवलेलं, चार कप्प्यांचं.
फॉर्मॅलिननं सगळ्यांचे डोळे झोंबत होते.
काय आहे हे? सर म्हणाले,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
वजडी.
वर्ग हसला. सरही थोडे हसले,
मग फळ्याकडं वळून एकेक नाव लिहीत गेले,
रुमेन, रेटिक्युलम, ओमॅझम.
मी वहीत उतरवून घेतलं.
तिसऱ्या कप्प्याला माझे अण्णा पोथी म्हणतात,
आत पानं असतात म्हणून.
ते नाही लिहिलं.
एका पानाला गवताची काडी चिकटून होती,
दोनदा चावलेली,
पचायची राहून गेलेली.

दुसऱ्या वर्षी हातात मोजा आला,
प्लॅस्टिकचा, खांद्यापर्यंतचा.
नखं कापली, अंगठी काढून ओढणीत बांधली.
सत्तेचाळीस नंबरची देवणी गाय,
तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या,
मधूनच पाय झटकणारी.
अनुसयानं शेपूट धरलं आणि मी आत गेले,
मनगट, कोपर, दंड.
आत ऊन ऊन होतं.
डोळे मीट की, सर म्हणाले,
उगीच भिंतीकडं काय बघायलीस?
गायीनं कळ दिली तशी बोटं बधिर झाली,
हात आपला आहे की नाही तेच कळेना.
मग एका शिरेला बोट लागलं. ती थरथरत होती.
आठव्या दिवशी नळाला पाणी यायच्या आधी
पाइप गुरगुरतो ना,
तशी.
आणि तिच्या पलीकडं खूर.
मी चिमटीत धरला.
त्यानं ओढून घेतला!

मी ओरडलेच.
सरांनी रजिस्टरात लिहिलं, सात महिने.
हात बाहेर काढला तेव्हा गाय मान वळवून बघत होती,
रागानं नाही, असं मला वाटलं.
परीक्षेत हे कुठं लिहायचं, ठाऊक नाही.

शनिवारी घरी गेले.
अण्णांनी हाळीच्या बाजारातून काळी शेळी आणलेली,
उस्मानाबादी, कानांवर पांढरे ठिपके,
मोरीजवळच्या खुंटीला बांधलेली.
उद्याच्या बोकडासाठी ते दगडावर सुरी घासत होते.
म्हणाले, प्रणिता, हिला बघ जरा.
काय बघू?
काय शिकलीस ते.

गुडघ्यांवर बसले. दोन्ही तळवे पोटाखाली घातले,
बोटांनी हळूच वर ढकललं.
हौदातल्या कैरीसारखं काहीतरी
खाली गेलं,
आणि परत येऊन बोटांना लागलं.
खात्री म्हणून पुन्हा ढकललं.
पुन्हा लागलं.
गाभण आहे अण्णा. तीन महिन्यांची.

साडेतीन, अण्णा म्हणाले.
सुरी थांबली नाही.
हात लावला तेव्हाच कळलं होतं, बाजारातच.
मग आणलीत कशाला?
त्यांनी अंगठ्यानं धार तपासली,
पाणी शिंपडलं, पुन्हा घासायला लागले.
बराच वेळ नुसता तोच आवाज.
एकीच्या पैशात दोन आली, म्हणाले, लाव की हिशोब.
आणि थोड्या वेळानं, सुरीलाच सांगितल्यासारखं,
दुसऱ्या कुणाच्या हाताला कळलं नसतं.

सकाळी उठले तर
शेळीनं दावं ताणून पिशवी ओढलेली,
माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीचं एक पान
आख्खं खाऊन टाकलेलं.
नेमकं पोटाच्या आकृतीचं.
अण्णा पोट धरधरून हसले,
बसू दे, म्हणाले, पोथीत पान जाऊन बसलं.
मी मात्र रडकुंडीला आले होते,
त्या पानावर सरांची सही व्हायची होती.