अठरावा तास

गुरुवार. पाषाणला वीज नाही.
इन्व्हर्टरवर दोनच गोष्टी चालू ठेवल्यात,
उणे ऐंशीचा फ्रीज आणि माझा सूक्ष्मदर्शक.
चहाची किटली नाही. त्यावरून शर्वाणीनं
सकाळपासून अबोला धरलाय.

काचेच्या दोन बशा.
डावीकडे वरचे, उजवीकडे खालचे.
मळ्या माशाची अंडी, मोहरीहून जराशी मोठी,
इतकी आरपार
की खालच्या लेबलाची शाई वाचता येते.

वरचे, म्हणजे धरणाच्या वरच्या ओढ्यातले,
पाणी जिथं दगडांवरून धावत सुटतं.
खालचे भिंतीखालच्या डोहातले,
पाणी जिथं पाटबंधारे खात्याला विचारून हलतं.
भिंत नव्हती तेव्हा ते एकच होते.
आता साठ पावसाळे, साठ पिढ्या.
माणूस साठ पिढ्या मागं गेला
तर त्याला मराठी भेटायची नाही,
भेटली तर तिची कुणी खापरपणजी,
अर्धीच कळणारी.

जनुकं तीच आहेत. ओळीनं लावून पाहिली, तीच.
फरक इतकाच की कोण कधी तोंड उघडतं
आणि किती मोठ्यानं बोलतं.
पाचशे अकरा नंबरचं एक आहे.
खालच्या ओठामागं तबकडी घडवतं,
पुरात दगडाला धरून राहायची.
वरच्यांत ते अठराव्या तासाला जागं होतं,
खालच्यांत तेविसाव्या,
तेही खाकरत,
घरात पाहुणे आहेत की नाहीत याचा अंदाज घेत.

आणि पाणी तर दोन्ही बशांत एकाच टाकीतलं आहे!
चोवीस अंश. ना ओढा, ना डोह.
तरी वरच्यांचं ते टिंबाएवढं पिल्लू
कधीच न पाहिलेल्या धारेसाठी
घाई करतं.

अंडी आणून दिली गेनबा लाटे यांनी,
दुधाच्या कॅनमधून, मोटारसायकलवर,
कॅनला ओलं गोणपाट गुंडाळून.
त्यांचाच फोन आला मघाशी.
"काय बाई, जात बदलली का त्यांची?"
अजून नाही, म्हटलं. एकत्र सोडले तर संसार करतील.
"मंग कशाला एवढा हिशेब?"
मला पटकन उत्तर सुचलं नाही.
तेच पुढं म्हणाले,
"भित्ताडापायी आमचं अर्धं गाव दौंडाकडं उठवलं.
तिकडची पोरं आता उसावानी बोलत्यात, सावकाश.
लग्नात भेटत्यात. पत्रिकेवर गाव जुनंच छापत्यात."
मग कॅन कधी परत देणार, ते विचारलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
जनुकाचं बोलणं ऐकायचं
तर बोलणाऱ्याला थांबवावं लागतं.
दर तासाला वीस अंडी.
पिपेटनं उचलायची, औषधात टाकायची, वाटायची,
गोठवायची.
त्या घटकेला ते काय म्हणत होतं ते कळतं,
पुढं काय म्हणणार होतं ते कधीच नाही.
माझ्या वहीत सगळी वाक्यं
अशी मध्येच तुटलेली आहेत,
आणि तक्ता मात्र सुरेख येतो,
लाल-निळा, चौकोनी, पाहुण्यांना दाखवण्याजोगा.

अठराव्या तासाला काळीज नसतं अजून.
तेविसाव्याला असतं.
म्हणजे असं नाही की धडधडतं,
एक कोपरा नुसता लवतो,
थांबतो, पुन्हा लवतो,
कुणी झोपेत पापणी हलवावी तसा.
तेविसाव्या तासाच्या वीस अंड्यांना
मी दर वेळी तीन-चार मिनिटं उशीर करते.
नोंद मात्र वेळेवर झाल्याची करते.
शर्वाणीला हे माहीत आहे.

चार वाजून दहा. वीज आली.
फ्रीज एकदा गुरगुरला आणि गप्प झाला.
शर्वाणीनं न विचारताच किटली लावली.
डाव्या बशीत कुणीतरी पहिल्यांदा
शेपूट आपटली,
उजवीकडं अजून सगळे निवांत.
मी घड्याळ बघितलं, पेन उचललं,
आणि पिपेट जरा लांब ठेवली.